मटकीने नापास केलेला कोळसा

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला तुमच्या फ्रिजमधला पाण्याचा जग दाखवला. नवीन फिल्टर बसवल्यावर पहिल्या पाण्यात बारीक काळे कण आले होते, आणि तिचा प्रश्न होता, "आजी, हे पोटात गेलं तर?" तुमच्या बाबाने मागून "काही होत नाही गं, कोळसा आहे तो" असे सांगून विषय मिटवला. तुमच्या शाळेच्या बसची वेळ झाली होती, म्हणून मीही गप्प राहिले. पण प्रश्न अगदी योग्य होता. तुमच्या आत्याने, म्हणजे माझ्या लेकीने, याच प्रश्नापायी पूर्ण होत आलेले काम बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून केले. ते मी जवळून पाहिले. फोनवर सांगायला गेले की नेटवर्क जाते नाहीतर तुम्हाला भूक लागते, म्हणून लिहून ठेवते.

आत्या इथे नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती कोळसा करते हे बहुधा ठाऊक नसेल. शेगडीत घालतो तो कोळसा नव्हे. लाकूड, करवंटी, आंब्याची कोय, टरफले असे फेकून द्यायचे जिन्नस बंद भट्टीत, हवा न लागू देता तापवायचे, ॲसिडमध्ये मुरवायचे, पुन्हा तापवायचे आणि मग धूत बसायचे. यातून जो कोळसा निघतो त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. पाण्यातला वास, रंग आणि नको असलेले बरेच काही त्या छिद्रांत जाऊन अडकते. तुमच्या जगातला कोळसा याच जातीचा.

आत्याला हा कोळसा एका आश्रमशाळेसाठी हवा होता. पेठच्या डोंगरात मुलींची शाळा आहे, मुली तिथेच राहतात. शाळेची विहीर झाडांखाली. पालापाचोळा पडून पडून पाणी फिक्या चहासारखे दिसायचे आणि त्याला कुबट वास यायचा. शाळेत पाणी उकळून द्यायचे, औषधही टाकायचे, पण रंग आणि वास काही जात नव्हता, आणि मुली ते पाणी प्यायच्याच नाहीत. उन्हाळा लागला की प्रार्थनेच्या वेळी कोणी ना कोणी चक्कर येऊन पडायची. तिथल्या मोठ्या बाई एका शिबिरात आत्याला भेटल्या होत्या. ऊन तापायच्या आत आमच्या मुलींना प्यावेसे वाटेल असे पाणी द्या, एवढेच त्यांचे मागणे. आत्याने शब्द दिला.

आता कोळसा कशाचा करायचा? आत्याचे सासर निफाडकडचे, द्राक्षबागाईतदार. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि काड्यांचे ढीग बांधावर पडतात. बहुतेक जण ते पेटवून देतात आणि आठवडाभर शिवारात धूर असतो. आत्याने त्या काड्या मागितल्या. पहिल्या वर्षी तिने ताज्या काड्यांचा थोडासा कोळसा कॉलेजात करून पाहिला. तो सगळ्या चाचण्यांत उत्तम ठरला. मग पुढच्या वर्षी मोठा घाणा काढायचे ठरले आणि काड्या जमवायचे काम तिच्या सासऱ्यांनी अंगावर घेतले.

त्यांना सगळे दादा म्हणतात, आत्याही आणि मीही. उंच, आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. मी देवळाली कॅम्पच्या इंग्रजी शाळेत शिकले, याची थट्टा केल्याशिवाय त्यांचे आमच्याकडचे जेवण पचत नाही. "विहीणबाई, तुमच्या लेकीनं आमच्या बागंचा कोळसा करायला घेतलाय, हे इंग्रजीत कसं सांगाल?" असे विचारून स्वतःच हसत सुटतात. पण सुनेच्या कामाचा त्यांना केवढा अभिमान! बाजार समितीत, लग्नात, बसमध्ये, जिथे जातील तिथे सांगायचे, "आमच्या बागंच्या कचऱ्यातून पोरींना पाणी मिळणार हाय."

काड्या एप्रिलमध्ये निघाल्या, पण कॉलेजची भट्टी दिवाळीनंतर मोकळी झाली. तोवर त्या दादांच्या शेडमध्ये राहिल्या. मग त्यांनी त्या कुट्टीच्या यंत्रातून काढून, पोत्यांत भरून, टेम्पोने पाठवल्या. आत्याने कोळसा केला. दिसायला सुरेख, हातात घेतला तर चुरचुर वाजणारा. विहिरीचे पाणी त्यातून सोडले तर खाली एकदम नितळ. वास नाही, रंग नाही. मोठ्या बाईंना तिने व्हिडिओ पाठवला आणि त्यांनी लगेच प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला फिल्टर सुरू करायचे ठरवूनही टाकले.

इथे बहुतेकांचे काम संपले असते. आत्याचे मात्र इथून पुढे सुरू झाले. ती मला म्हणाली, "आई, पाण्यातून घाण काढून घेणारी वस्तू स्वतः पाण्यात काय सोडते, ते आधी बघायला नको का?"

त्यासाठी ती कॉलेजात एक साधी चाचणी घेते. स्वच्छ कोळसा साध्या पाण्यात भिजत ठेवायचा, मग ते पाणी गाळून त्यात बिया रुजवायच्या. पाण्यात काही वाईट उतरले असेल तर आपल्याला कळण्याआधी ते कोवळ्या मुळांना कळते. कॉलेजातल्या मेथीला मुळे आखूड आली होती. मुलांकडून काही चुकले असेल, म्हणून तिला ती चाचणी दुसऱ्या हातून करून पाहायची होती.

"तुझ्या मटकीला कधी मोड आले नाहीत असं झालंय का?" तिने विचारले.

"अजून तरी नाही."

"मग मला तुझा ओटा दे."

मी ओट्यावर दोन सारखी पातेली मांडली, एकाच डब्यातली मटकी मोजून घेतली, फडकीही एकाच जुन्या धोतराची फाडली. एकीला नळाचे पाणी, दुसरीला कोळशावरून गाळलेले. चिठ्ठ्या चिकटवल्या. मला अशा कामात फार सुख वाटते, हे तुमच्या बाबाला विचारा. लहानपणी त्याच्या रुमालांवरसुद्धा वार लिहिलेले असत.

मटकी उघडली तेव्हा काही सांगायची गरज नव्हती. नळाच्या पाण्यातली नेहमीसारखी, लांब पांढऱ्या शेपट्यांची. दुसरीला मोड फुटले होते, पण खुंटलेले, आणि टोके तपकिरी पडलेली. आत्याने एक मोड उचलून खिडकीशी धरला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

तिला पहिला संशय आला ॲसिडचा. नीट धुतले गेले नसेल. मग माझ्या बाल्कनीत कोळसा धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. धुवायचा, निथळायचा, कागद बुडवून पाण्याचा आंबटपणा पाहायचा, पुन्हा धुवायचा. ते धुतलेले पाणी मी सवयीने तुळशीला घालायला निघाले तर ती ओरडली, "आई, ते नको! तिथं बादलीत ठेव." बादल्या ती कॉलेजात परत न्यायची. गटारातसुद्धा एक थेंब सोडला नाही. शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, घरात कोणी काळ्या रांगोळीचा धंदा काढलाय का म्हणून. शेवटी कागद सांगू लागला की ॲसिडचा मागमूस नाही. मी पुन्हा मटकी घातली. मोड पुन्हा खुंटले.

संक्रांतीला दादा तिळगूळ द्यायला आणि पहिल्या तोडणीची द्राक्षे घेऊन आले. आत्याही आली होती. मी गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. दादांनी पोळीवर तूप ओतून घेतले आणि झेंडावंदनाला कोणता फेटा बांधायचा, याची चर्चा सुरू केली. आत्या पोळीचे तुकडे करत होती, खात नव्हती.

"काय गं, तोंड का सुकलंय? कोळसा नाय का झाला बरोबर?"

"दादा, यंदाच्या काड्यांचं जरा सांगा. गेल्या वर्षीच्यात आणि यंदाच्यात काही फरक होता का?"

"फरक म्हंजे? गेल्या वर्षी कशाबी होत्या. यंदा निवडून दिल्यात तुला. आन् शेडमधी ठेवायच्या म्हटल्यावर बुरशी नको लागायला, वाळवी नको, म्हणून लय जपलं. वरनं बोर्डो मारलं ना चांगलं. ढीग उलटापालटा करून मारलं, पार खालपातूर. एक काडी सडू दिली नाय!"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे निळे मिश्रण. द्राक्षबागेत ते बुरशीवर फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. दादा आपल्या वेलींना ते मारतात तसे त्यांनी सुनेच्या कचऱ्यालाही मारले होते, वेलींइतक्याच मायेने. काड्यांवरची निळसर झाक कोणाच्या नजरेत भरली नाही, कारण बागाईतदाराच्या घरी निळी झाक कशावर नसते? तारा, बांबू, गड्यांचे सदरे, ट्रॅक्टरचे मडगार्ड, सगळे निळे. आत्याच्या सासरी निळा रंग हा रंगच नाही.

आत्याने पोळी खाली ठेवली. मला वाटले, आता ही बोलेल काहीतरी आणि म्हातारा माणूस सणाच्या दिवशी दुखावेल. पण तिने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि मग सांगितले, मटकीपासून सगळे.

दादा ऐकत होते, पण पटत नव्हते. "अगं पण तू त्याचा कोळसा केलास ना? एवढ्या आगीत औषध उरतंय व्हय?"

"लाकूड जळतं दादा. तांबं जळत नाही. उलट पोतंभर काड्यांचा घमेलंभर कोळसा होतो आणि तांबं होतं तेवढंच राहतं. म्हणजे दाट होतं."

"पर पाणी तर काचेवानी झालं व्हतं. मी सोत्ता व्हिडिओ बघितला."

"हो. त्यानंच तर सगळे फसले असते."

दादांनी तुपाची वाटी बाजूला सारली. म्हणाले, "म्हंजे मी त्या पोरींच्या पाण्यात मोरचूद घालायला निघालो व्हतो."

"घातलं नाही ना. तुम्ही जपायला गेलात."

"तेच तर," ते म्हणाले आणि उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तिथे कोळशाची घमेली वाळत होती. त्या घमेल्यांकडे पाठ करून उभे होते.

मी आत्याला हळूच म्हटले की पाण्यात किती उतरते ते तरी आधी मोजून घे, थोडेच असेल. ती म्हणाली, "मोजणारच आहे. पण थोडं असलं तरी रोज, आणि लहान मुलींना. आणि त्या शाळेत मोजायला कोण बसणार आहे?" पुढे मोजणीत तांबेच निघाले. पण तिने तेवढी वाट पाहिली नाही. दादा बाल्कनीत उभे असतानाच तिने मोठ्या बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आपल्यामागे काही बोलले गेले असे दादांना वाटू नये, म्हणून तिने तसे केले असावे.

मोठ्या बाई आधी समजल्याच नाहीत. मग चिडल्या. "ताई, मी पाहुणे बोलावलेत! मुलींनी स्वागतगीत बसवलंय. पाणी स्वच्छ होतंय ना? वास जातोय ना? मग द्या की. आम्ही काय रोज लॅबमध्ये राहतो का?"

"म्हणूनच देत नाही, बाई. कोळसा नापास झालाय."

"कारण काय सांगू मी लोकांना?"

मला वाटले, आत्या बाल्कनीकडे पाहील. तिने पाहिले नाही. "सांगा की बनवणारीनं कच्चा माल तपासून घेतला नाही. आता घेतेय. होळीच्या आत देते."

त्या क्षणी मला माझ्या लेकीबद्दल जे वाटले ते लिहिता येत नाही. तिने सासऱ्यांना वाचवायला खोटे सांगितले नाही. माल तपासणे तिचेच काम होते. आणि खरे तेवढे सांगून तिने त्यांचे नाव अलगद बाहेर ठेवले.

दादा आत आले. "तो कोळसा माझ्या बागंत टाकू का? तांबंच हाय, बागंला चालंल."

"नाही. मातीतून तो विहिरीतच जाणार. डबे सील करून कॉलेजात ठेवते, तिथून जिथं जायचा तिथं जाईल."

"मग नवा कशाचा करणार? एप्रिलच्या खरड छाटणीला अजून वेळ हाय."

"करवंट्यांचा. नारळाच्या करवंट्या नाशकात बाराही महिने मिळतात."

"मी आणतो," दादा म्हणाले. मग क्षणभर थांबून, "काय बी न मारता आणतो."

त्यावर आत्या संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा हसली.

त्याच आठवड्यात दादा टेम्पो घेऊन आमच्या दाराशी. "विहीणबाई, चला. शहरात तुमची वळख, टेम्पो माझा." मी पदर खोचून पुढे बसले. या वयात टेम्पोत बसायची हौस फिटली. आम्ही आधी पंचवटीत गेलो. देवळांच्या मागच्या बाजूला फुटलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग होता, माणसाच्या छातीइतका. तिथल्या पोरसवदा दुकानदाराला आनंदच झाला. "न्या की काका सगळ्या. आम्हाला उचलायचीच कटकट."

मी मनात म्हटले, एका ठिकाणी काम झाले. दादांनी मात्र एक करवंटी उचलली, उलटी केली, अंगठ्याने घासली आणि अंगठा उन्हात धरला. लाल झाला होता.

"हे काय रं?"

"शेंदूर काका. देवाला वाहिलेले नारळ ना. काहींना कुंकू पण असतं."

"शेंदरात काय असतंय?"

दुकानदार हसला. "देवाचा आहे काका, पवित्र असतो."

"पवित्र हाय रे बाबा, मी कुठं नाय म्हणतो. पर जळत नसंल तर?" आणि माझ्याकडे वळून, "लावा फोन सुनबाईला."

मी लावला. पलीकडून आत्याचा आवाज एकदम उंच गेला. "शेंदूर? त्यात शिसं असतं दादा! ते तर तांब्याहून वाईट. एकही घेऊ नका!" मग थोडे थांबून, "पण तुमच्या लक्षात कसं आलं?"

दादांनी फोन माझ्या हातातून घेतला. "एकदा निळा रंग दिसला नाय. आता लाल तरी दिसंल का नाय?"

त्या फुकटच्या ढिगाला त्यांनी नमस्कार केला आणि टेम्पो वळवला. पुढची दुपार आम्ही इडलीवाल्यांच्या, खानावळींच्या मागच्या दारांशी घालवली. चटणीसाठी फोडलेल्या, खोबरे खरवडून काढलेल्या, कशाचाही टिळा न लागलेल्या करवंट्या. दादा प्रत्येक ठिकाणी करवंटी हुंगून विचारायचे, "याला काय लावलं नाय ना? फिनेल? पावडर?" एका इडलीवाल्या अण्णांना वाटले आम्ही महापालिकेचे आहोत. त्यांनी आम्हाला न मागता कॉफी पाजली.

या वेळी पहिली मटकी कोणी घालायची यावरून वाद झाला. दादांनी हट्टाने दोन पातेली आपल्या घरी नेली. रोज सकाळी त्यांचा फोटो यायचा, मोडांशेजारी नातवाची फूटपट्टी ठेवलेली, आणि खाली, "विहीणबाई, शेपटी बघा." दोन्ही पातेल्यांतल्या शेपट्या सारख्या होत्या. माझ्या ओट्यावरही तसेच आले, आणि कॉलेजातल्या मोजणीतही काही निघाले नाही. तेव्हाच आत्याने मोठ्या बाईंना फोन केला.

होळीच्या आधी आम्ही पेठला गेलो. पाहुणे नव्हते, स्वागतगीत मात्र मुलींनी म्हटले, बसवलेले वाया कसे घालवायचे! स्टीलच्या उंच पिंपात वाळू, खडी आणि मधे करवंटीचा कोळसा. आत्याने पहिले पाणी बराच वेळ वाहू दिले, तुमच्या जगात आले तसे काळे कण निघून जाईपर्यंत. हो, तेही तेवढ्यासाठीच वाहू द्यायचे असते, धाकटे. मग मुलींना आणि स्वयंपाकाच्या मावशींना तिने सांगितले की कोळसा वास काढतो, जंतू मारत नाही, तेव्हा उकळणे चालूच ठेवायचे.

मोठ्या बाईंचा राग अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी विचारले, "आणि हा कोळसा जुना झाला की? मागच्या ओढ्यात टाकला तर चालेल?"

आत्याने तोंड उघडायच्या आतच मागून दादांचा आवाज आला. "ओढ्यात नाय! बागंत नाय, चुलीत नाय. त्यानं जे जे धरून ठेवलंय ते सगळं परत सुटंल. मला फोन करा, मी येऊन घेऊन जातो, कॉलेजात पोचवतो." बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग आत्याकडे. पहिल्यांदा हसल्या. "हे कुठले प्राध्यापक?"

"निफाडचे," आत्या म्हणाली.

फिल्टरमधून काढून उकळून गार केलेल्या पाण्याचा पहिला पेला मोठ्या बाई एका मुलीला देणार, तेवढ्यात दादांनी हात पुढे केला. "आधी मला."

"दादा, चाचणी मटकीची झाली आहे. तुमची करायची नाही."

"माझी मला करू दे."

पेला हातात घेऊन त्यांनी तो खिडकीशी धरला, आत्याने तो मोड धरला होता तसाच. हुंगला. मग एका दमात प्यायले, आणि रांगेतल्या सगळ्या मुली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काय लागलं आजोबा?" पहिल्या मुलीने विचारले.

दादांनी जिभेने ओठ पुसले. "काय बी नाय," ते म्हणाले. "चवच नाय कसली."

आत्याने तो रिकामा पेला त्यांच्याकडून घेतला, विसळला, भरला आणि त्या मुलीच्या हातात दिला.